दादाचा आवाज

पहिलं रॅप गाणं बनवताना त्याने थोरल्या भावाचं अडखळतं बोलणं न विचारताच रेकॉर्ड केलं आणि ठेक्यावर बसवलं. गाणं तुफान गाजलं. लहानथोर सगळे त्या ‘म-म-मला’वर नाचू लागले आणि निर्माता म्हणून त्याचं नाव झालं. दोन वर्षांनी घरी आल्यावर तो भावासोबत औषधाच्या दुकानात गेला. एकेकाळी कुठल्याही दुकानदाराशी तासभर गप्पा हाणणाऱ्या भावाने खिशातली चिठ्ठी मुकाट्याने पुढे केली. “दादा, तोंडाने सांग की!” तो हसत म्हणाला. भाऊ त्याच्या कानाशी वाकला. “मी बोललो की लोक ठे-ठे-ठेका धरतात रे.” त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफीचे शब्द जुळवतोय तोच दुकानदाराने त्याला ओळखलं. “अहो, तुम्हीच ना ते! एक फोटो हवाच!” दुकानदाराचा मोबाइल भावाने हातात घेतला आणि मान खाली घातलेल्या धाकट्याला खुणेनेच सांगितलं, “हस.”