झटकलेला पारा

आमचे हे, रंगराव, खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींचे ड्रायव्हर. एकसष्टच्या वैशाखात हे भरदुपारी काचा चढवून मोटारीतच झोपायचे.

"जीव जाईन ना तुमचा!" म्हणत मी एक दिवस, हे घरात जेवत असताना, ताप मोजायचा थर्मामीटर रिकाम्या मोटारीत आतून काचेला टेकवून ठेवला आणि मोटारीला कुलूप लावून चाबी कमरेला खोचली.

थोड्या वेळाने बाहेरून पाहिलं. पारा पार टोकाला गेलेला.

दाखवायला यांना हाताला धरून आणलं, तर पारा तळाशी!

"पाह्य, थंड झाली ना गाडी," हे हसले.

तापाचा पारा आपोआप उतरत नाही. झटकावा लागतो.

"अहो, आत कोन आहे?"

"येडी झाली का तू? आन चाबी."

रोज ऐसपैस पसरणारे हे आज सीटच्या कडेला अंग चोरून निजले, शेजारच्याला जागा ठेवून.