कॅन्टीनचा तोटा

"तुम्ही फक्त सही करा हो. बबनराव चोर आहे हे कागदच सांगतायत," कंपनीचे प्रमुख आदिनाथ साहेब म्हणाले.

प्राजक्ताने पेन उचललं आणि परत ठेवलं. 'ओंजळ होल्डिंग्ज'चे हिशेब तपासायचं काम तिचं. चार कंपन्यांतल्या तीन नफ्यात होत्या. ट्रक, गोदामं आणि चाकणचा कारखाना. कारखाना तर यंदा सगळ्यांच्या पुढे! दोन शेड, दुसरीत लोखंड ठोकणारे आठ नवे हॅमर, एकूण चारशे कामगार. निम्मा नफा एकट्या त्या दुसऱ्या शेडचा. आणि तोट्यात काय, तर कॅन्टीन. चारशे जणांच्या हिशेबाने उभारलेलं, ताटामागे कारखाना पैसे मोजतो, कामगाराला जेवण फुकट. मग तोटा येतोच कुठून? नक्कीच पाणी मुरत होतं.

"मी डोळ्यांनी बघून येते."

"आज? चार वाजता गावकऱ्यांपुढे वर्षाचे आकडे वाचायचेत. उगाच उन्हात कशाला जाताय?"

पण ती निघालीच. तिच्या वडिलांनी या कारखान्यासाठी दीड एकर जमीन दिली होती, तीही पैसे न घेता, ओंजळच्या शेअरवर. निम्म्या गावाने तसंच केलं होतं. त्या नफ्यात कुणी हात मारत असेल, तर ती बरी सोडेल!

कॅन्टीन चालवणारे बबनराव दारात उभेच होते. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं.

"या ताई, दोन घास खाऊनच जावा."

"किती ताटं झाली आज?"

"साठ."

"आणि काल?"

"साठच की."

काय कोडगा माणूस! ती कोपऱ्यात बसून मोजत राहिली. साठावं ताट उठलं आणि बायका भांडी घासायला लागल्या. म्हणजे उरलेल्या तीनशे चाळीस जणांचं अन्न हा परस्पर बाहेर विकतो, आणि वर तोंड करून साठ सांगतो. तिने बिलांची फाइल ओढली. चाळीस पोती कांदा, मागच्याच आठवड्यात, चाकणच्या बाजारातून. कोठीत पोती होती चार.

"बाकीची छत्तीस कुठायत, काका?"

बबनराव घुटमळले. "ठिवलीत कडंला. कांद्याला वारा लागतो, ताई."

"कुठे ठेवलीत?"

"सायबांच्या कानावर घालू नका. तिकडं फिरकायचं न्हाई म्हनून दम दिलाय त्येंनी. नोकरी जाईल माझी."

"ती जाणारच आहे. चला, दाखवा."

ते पुढे झाले. पहिल्या शेडमधून हॅमरचे ठोके ऐकू येत होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आबा होते.

"प्राजू, औंदा नफा हाय ना गं? समदा गाव इचारतोय. त्यावरच धाकट्या तनुजाचं लगीन धरलंय मी."

"भरपूर आहे, आबा. आणि त्यात खाणारा चोरही सापडलाय. तनुजाच्या लग्नाची काळजी सोडा."

चोर म्हटल्यावर बबनरावांनी मान खाली घातली. म्हाताऱ्याची तिला क्षणभर दया आली, पण आबांचं दीड एकर आठवलं आणि ती चालत राहिली. ते तिला वळसा घालून दुसऱ्या शेडच्या मागे घेऊन गेले.

"पुढून कुलूप असतंय. हितली कडी मोडकी हाय," ते पुटपुटले आणि त्यांनी खांद्याने दार लोटलं.

आठ हॅमरच्या जागी, मोकळ्या जमिनीवर, नुसता कांदा पसरला होता.