पुलाचा प्रश्न

सभागृहात चौथ्या प्रश्नाचं उत्तर संपत आलं तरी एका दाढीवाल्या सदस्यांची जागा रिकामीच होती. सातवा प्रश्न त्यांचा होता, नदीवरच्या बंद पुलाचा. नाव पुकारल्यावर विचारणारा जागेवर नसला की प्रश्न बाद. मग त्याचं उत्तर छापील कागदातच राहतं, सभागृहात ते कुणी वाचत नाही.

अधिकाऱ्यांच्या गॅलरीत परराष्ट्र खात्याची मंडळी खुशीत होती. "टळली म्हणायची बला," उपसचिव पुटपुटले. प्रश्न बाद होण्यासारखं सुख खात्यात दुसरं नाही. मंत्री खूश, साहेब खूश, दुपारचा चहा साहेबांकडून. फक्त मागच्या खुर्चीवरचा कारकून पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे बघत होता. पुलाच्या प्रश्नाचं उत्तर सहा वर्षं तोच लिहीत होता. आणि हा प्रश्न विचारला जावा म्हणून देव पाण्यात घालून बसणाराही अख्ख्या खात्यात तोच एकटा होता.

त्याची ताई पुलापलीकडे, शेजारच्या देशात दिलेली. सहा वर्षांपूर्वी त्या देशाशी बिनसलं, राजदूत परत आले, पूल बंद झाला, महिन्याभरात टेलिफोनही. शेवटच्या फोनवर ताई म्हणाली होती, "आई, तुमच्या सभागृहाचं कामकाज रेडिओवर इकडेही ऐकू येतं. पुलाचा प्रश्न निघाला की मी रेडिओजवळ बसलेय असं समज. तूही बस." तेव्हापासून वर्षातून दोनदा, चार-पाच मिनिटं, मायलेकी एकत्र बसत आल्या होत्या.

"जुनी फाइल घेऊन येतो," असं सांगून कारकून उठला.

दाढीवाले बाहेरच्या व्हरांड्यात खिडकीशी चहा पीत उभे होते.

"साहेब, चला लवकर. सहावा सुरू झाला असेल. सातवा तुमचा."

"तुम्ही कुणाचे?"

"परराष्ट्र खात्याचा."

सदस्यांनी कप खिडकीत ठेवला. "म्हणजे मी तुमच्याच मंत्र्यांना धारेवर धरावं, म्हणून तुम्ही मला बोलवायला आलात? असला घरभेदी पहिल्यांदाच बघतोय."

"हो साहेब."

"अहो, दर वेळी तेच. 'बोलणी सुरू आहेत, योग्य वेळी निर्णय घेतला जाईल.' पालथ्या घड्यावर पाणी! विचारून उपयोग काय?"

"ते मीच लिहितो, साहेब. आजही तेच लिहिलंय."

"मग?"

"आई रेडिओ लावून बसलीय," तो म्हणाला. "आणि ताई पलीकडे."

सदस्यांनी उरलेला चहा तसाच सोडला. मग कोटाची बटणं लावत आत निघाले.

प्रश्न पुकारला गेला, विचारला गेला. मंत्र्यांनी उत्तर वाचलं. गॅलरीत परतलेल्या कारकुनाचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. 'बोलणी सुरू आहेत'पाशी त्याला वाटलं, आत्ता ताईनं आवाज मोठा केला असेल. तिला बघावंसं इतकं वाटलं, की त्यानं समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

दाढीवाले उपप्रश्नाला उठले. हा त्यांच्या कागदावर नव्हता. "अध्यक्ष महाराज, ज्यांची माणसं पलीकडे अडकलीत, असे लोक किती? मंत्र्यांच्या स्वतःच्या खात्यात तरी किती? हे मंत्र्यांना ठाऊक आहे का?"

मंत्र्यांनी मान वळवून गॅलरीकडे पाहिलं. उपसचिवांनी मागे वळून कारकुनाला ढोसलं. "लिहा, लिहा. चिठ्ठी द्या."

'खात्यात एक' एवढंच लिहायचं होतं. त्यानं पेन टेकवलं. पण पलीकडे ज्याची बहीण आहे, त्याच्या हाती पलीकडची फाइल कोण ठेवणार? उद्याच्या उद्या ती काढून घेतील. मग पुलाचा प्रश्न बाद झाला तर व्हरांड्यात धावणारं कुणी उरणार नव्हतं. त्यानं हाताला सवयीचं होतं ते लिहिलं आणि चिठ्ठी खाली पाठवली. त्याला स्वतःची लाज वाटली.

"याबाबतची माहिती गोळा करण्यात येत आहे," मंत्र्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. "ती लवकरच सभागृहासमोर ठेवली जाईल." अध्यक्षांनी आठवा प्रश्न पुकारला.

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा आई चष्मा लावून टेबलाशी बसली होती. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा असा उजळलेला नव्हता.

"ऐकलंस का? आज नवीन बोलले. माहिती गोळा करतायत म्हणे. ताईनंही ऐकलं असेल, नाही का रे?"

"ऐकलं असेल."

तिनं वहीचा कागद पुढे सरकवला. मोठ्या, थरथरत्या अक्षरात ताईचं नाव, घर नंबर, गल्ली. खाली मुलांची वयं, सहा-सहा वर्षं वाढवून. शेवटचं पोर पूल बंद झाला तेव्हा ताईच्या पोटात होतं. मुलगा की मुलगी, तेही इकडे कळलं नव्हतं. त्या ओळीवर नावापुरती जागा मोकळी सोडून आईनं नुसतं 'वय सहा' लिहिलं होतं.

"उगाच आपल्यामुळे त्यांचं काम अडायला नको," आई म्हणाली. "तू त्याच खात्यात आहेस. कोण गोळा करतंय ते तुला ठाऊक असेल. कुणाकडे द्यायचा हा?"

त्यानं हात पुढे केला.

"माझ्याकडे दे."