पत्र्याची वास्तुशांत

डिंडोलीतल्या धुडकूचं घर लग्नकार्यांत आलेल्या आहेराच्या भांड्यांनी इतकं गच्च भरलं, की मंगलाबाई एक दिवस नवऱ्यावर कडाडली, "घरमा पाय ठेवाले जागा नाही!"

मग धुडकूनं फक्त खिळे विकत आणले आणि जुने पत्रे, मोडकं दार ठोकून परसात सामानाची खोली उभी केली. आता नवी वास्तू म्हटल्यावर भाऊबंदांना बोलावून पूजा घालणं आलंच. आणि खान्देशातला पाहुणा काही हात हलवत येत नाही. संध्याकाळपर्यंत खोली नव्या भांड्यांनी दारापर्यंत भरली. घरातली भांडी घरातच राहिली.

दुसऱ्या दिवशी धुडकू पुन्हा पत्रे ठोकायला बसला. शेजारच्या योगराजनं कुंपणावरून विचारलं, "आते काय बांधी ऱ्हायनात, भाऊ?"

धुडकू घाईघाईनं म्हणाला, "संडास!"