दुसरा अर्ज

पंचावन्न साली बी.एस्सी.ला सुमती पहिली आली आणि तिचा धाकटा भाऊ मुकुंद दुसरा. धरमपेठेत जो तो त्याला तेवढंच ऐकवायचा. पुढे दोघांनाही संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. "माझाही देऊन देजो गा," म्हणत सुमतीने आपला अर्ज त्याच्या हाती सोपवला. मुकुंदाने तो पुलावरून नाग नदीत सोडला आणि स्वतःचा तेवढा नेऊन दिला.

पंधरवड्याने दोघं चौकशीला गेली. प्राध्यापक हळहळले. "वर्ग उघडायला निदान दोघं तरी लागतात. अर्ज आला तो एकट्या मुकुंदाचा. यंदा वर्ग नाही."

मुकुंदाची मान वर होईना.



"चूक माझी आहे, सर," सुमती म्हणाली, "माझा द्यायचाच राहून गेला."