काचेचा प्याला

नव्या शाळेचं छप्पर चढलं. आमच्या जर्मन रिवाजाप्रमाणे सुतारमिस्त्रींनी वरूनच वाईन पिऊन रिकामा काचेचा प्याला खाली फेकला. फुटला की वास्तू लाभते. पण प्याला वाळूवर पडून अखंडच राहिला. "म्हणून सांगत होतो, काम आपल्या माणसाला द्या," नगराध्यक्ष ब्रुन्स म्हणाले. "परकीच्या हाताला यश नाही. मिस्त्री, पुन्हा फेका!" वास्तुविशारद सेनादानं प्याला उचलला. बोस्नियाच्या युद्धात, तोफांच्या वेढ्यातल्या सारायेवोतून ती माझ्या पहिलीच्या वर्गात आली, तेव्हा खिडकीजवळ बसायलाच घाबरायची. आता तिच्या नकाशात प्रत्येक वर्गाला भिंतभर काच होती. "साहेब, आमच्या गल्लीत एकही काच धड उरली नव्हती," ती म्हणाली. "फुटण्याचं कौतुक मला नका सांगू. माझ्या शाळेत काही फुटणार नाही." तिनं माझ्याकडून वाईनची बाटली घेतली, प्याला भरला आणि ब्रुन्स यांच्यापुढे धरला. "घ्या. जपून धरा, हं. फुटायला नको."