शेजारणीचा जबाब

"शेजारी कोण?" हवालदाराने विचारलं आणि खांबेटेकाकांनी नाइलाजाने कुंपणापलीकडे बोट दाखवलं. उन्हाळी शिबिरातल्या मुलांना विहिरीत पोहायला शिकवायचं, तर यंदापासून पोलिसांचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी शेजाऱ्याचा जबाब. शेजारी म्हणजे आठल्येबाई. कुंपणावरचा त्यांचा शेवगा काकांनी तोडल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "माणूस कसा, म्हणता? हेकट, तिरसट. माझा उभा शेवगा कापला. लिहा!"

यंदाचा उन्हाळा हातचा गेला, असं काकांना वाटलं.

"मुलांशी कसे वागतात, ते सांगा बाई," हवालदार म्हणाला.

"मग तसं विचारा की! गेल्या वर्षी माझी नात यांच्याकडेच शिकली. पाण्याला घाबरायची, तर आठवडाभर तिच्याशी पायरीवर नुसत्या गप्पा मारत बसले. एकदाही ढकललं नाही. मी रोज फणसाआडून बघत होते."

काकांना राहवलं नाही. "मला तर कधी दिसला नाहीत!"

"दिसले असते, तर ती चौकशी कसली?" म्हणत बाई हवालदाराकडे वळल्या. "आणा इकडे. सही कुठे करायची?"